मोहल्ल्यातला आनंद आणि आपले लेखन

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर मुस्लिम लेखकांनी मराठीत जे लिहिले त्याची कोणी गोळाबेरीज करायला बसला, तर शहरातला मोहल्ला त्याला वारंवार भेटेल. पण तो कोणत्या अवस्थेत भेटतो? दंगल पेटलेली असते, नाक्यावर पोलिसांची गाडी उभी असते, कुणाच्या घरी तलाकची चिठ्ठी आलेली असते, कुणाला आडनाव पाहून नोकरी नाकारलेली असते, गटार तुंबलेले असते. हे सारे खरे आहे. ते लिहिले गेलेच पाहिजे होते आणि ज्यांनी लिहिले त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

आमचे म्हणणे एवढेच, की ज्या मोहल्ल्यात माणसे तीन-तीन पिढ्या राहतात, चार पैसे हाती आले तरी लवकर हलत नाहीत आणि हलली तरी जुम्म्याच्या नमाजला परत येतात, त्या मोहल्ल्यात राहण्यात काही गोडी असली पाहिजे. ती गोडी आपल्या लेखनात फारशी उतरलेली नाही. कोणी म्हणेल, इतके प्रश्न समोर असताना गोडीचे काय घेऊन बसलात? आम्हाला वाटते, प्रश्न आहेत म्हणूनच हा विषय महत्त्वाचा. ज्याचे दुःखच तेवढे लिहिले जाते, तो माणूस वाचणाऱ्याच्या मनात माणूस राहत नाही, 'प्रश्न' होतो. मग वाचणारा त्याची कीव करतो किंवा त्याला घाबरतो, पण त्याच्या शेजारी बसून चहा पीत नाही.

चाळीला जे मिळाले

मराठीत वस्तीच्या सुखाची परंपरा नाही असे मुळीच नाही. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. त्या चाळीत जागेची टंचाई आहे, भांडणे आहेत, पोकळ मोठेपणा आहे. तरी 'उपास', 'भ्रमणमंडळ', 'गच्चीसह झालीच पाहिजे' अशा प्रकरणांतून माणसे अशी जिवंत झाली, की ज्यांनी कधी मुंबई पाहिली नाही त्यांनाही ती आपली वाटली. शेवटच्या 'एक चिंतन'मध्ये हसू मावळते आणि जुनी राहणी संपत चालल्याची हुरहूर उरते. चाळीतल्या अडचणी पुस्तकाने लपवल्या नाहीत, आणि तरी चाळकरी साऱ्या महाराष्ट्राचा शेजारी झाला. ती चाळ मात्र बहुतांशी पांढरपेशा हिंदू बिऱ्हाडांची होती. गिरगाव आणि भेंडीबाजार यांत पायी जाण्याएवढेच अंतर आहे, पण मराठी साहित्याला ते तोडायला फार वेळ लागला.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर (१९६५) अश्लीलतेच्या आरोपाचे वादळ उठले. त्या वादात एक गोष्ट बाजूला राहिली. नाक्यावर नुसते उभे राहणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहणे, टवाळी करणे हेही शहरी पोरांचे एक जग असते, हे त्या पुस्तकाने नोंदवले. पुढे १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला आणि मराठी कविता थेट आमच्या नागपाड्याच्या उंबऱ्याशी येऊन ठेपली. तिथे सुखाची गोष्ट करणे अवघडच होते. पण ढसाळांनी त्या रस्त्यावरची भाषा, तिच्यातल्या हिंदी-उर्दू शब्दांसकट, जशी उचलली, त्यात त्या भाषेची चव घेणे होतेच. आपल्या कवींनी त्यांच्याकडून संताप घेतला. ही चव घेतली नाही.

काकडीवाल्याची कविता

आपल्या उर्दूच्या वारशात तर या आनंदाचा मोठा पूर्वज बसलेला आहे. नज़ीर अकबराबादी (सुमारे १७३५ ते १८३०) हे आग्र्याचे कवी. पेशाने मुलांना शिकवणारे. म्हणजे आमच्यासारख्या शिक्षकांच्याच बिरादरीतले. त्यांनी ईद आणि शबे-बरात यांवर लिहिले, तसेच होळी-दिवाळीवरही लिहिले. आग्र्याची काकडी, तिळाचे लाडू, पोहण्याची जत्रा, अस्वलाचे पिल्लू, सारे त्यांच्या कवितेत आले. रस्त्यावरून जाताना जे दिसले, चाखले, ऐकले, ते त्यांनी लिहिले. त्याची शिक्षाही त्यांना मिळाली. शेफ़्ता यांच्या 'गुलशन-ए-बेख़ार' या तज़किऱ्यात त्यांची गणना बाजारी लोकांच्या तोंडी असलेल्या कवींत झाली, आणि खरे शायर म्हणून त्यांना मानायला जाणकार पुष्कळ काळ तयार नव्हते.

हबीब तनवीर यांनी १९५४ साली दिल्लीत जामिया मिल्लियाच्या परिसरात 'आगरा बाज़ार' हे नाटक उभे केले, त्याचा गाभा हाच आहे. बाजारात मंदी आहे. काकडीवाल्याला सुचते, आपल्या काकडीवर कुणी कविता लिहून दिली तर ती खपेल. तो प्रतिष्ठित शायरांकडे जातो. ते त्याला हाकलतात. शेवटी नज़ीर लिहून देतात आणि काकडी हातोहात खपते. गंमत अशी, की नज़ीर स्वतः रंगमंचावर येतच नाहीत. त्यांची कविता तेवढी बाजारभर फिरते. जामियाच्या विद्यार्थ्यांबरोबर शेजारच्या ओखला गावची माणसेही त्यात उभी राहिली होती. शायराला वगळून त्याचा मोहल्ला दाखवणे आणि त्यातून शायर समजावणे, ही तनवीरांची समज आम्हाला फार मोलाची वाटते. आपला मराठी मुस्लिम लेखक आज त्या पुस्तकाच्या दुकानातल्या शायरांसारखा वागतो आहे का, असा प्रश्न हे नाटक आठवले की पडतो. समाजप्रबोधनाचा मोठा विषय त्याला हवा असतो; काकडीवाल्याला तो परत पाठवतो.

मंटोचा नागपाडा

मुंबईच्या मोहल्ल्याकडे आलो, की सआदत हसन मंटोंना टाळता येत नाही. १९३६ साली ते मुंबईत आले आणि मधला दिल्लीचा काळ सोडला तर १९४८च्या जानेवारीपर्यंत इथे राहिले. भायखळा, नागपाडा, फारस रोड, क्लेअर रोड हा त्यांचा इलाखा. 'मम्मद भाई' ही कथा याच परिसरात घडते. कथेतला लेखक एका खोलीत एकटा तापाने फणफणत पडलेला असतो. त्याला वाटते आपण इथे मेलो तरी कुणाला कळणार नाही. आणि मोहल्ल्याचा दादा डॉक्टर घेऊन दारात हजर होतो.

या कथेवर लिहिणारे बहुधा मम्मद भाईच्या खंजिराकडे आणि मिशांकडे पाहतात. कोर्टात भला दिसावा म्हणून तो मिशा उतरवतो, तरी तडीपार होतोच, आणि त्याला तडीपारीपेक्षा मिशांचे दुःख अधिक होते. हा शेवट विसरण्यासारखा नाहीच. पण आमच्या मते कथेचा जीव आधीच्या प्रसंगात आहे. ज्या गल्लीत आपल्याला कुणी ओळखत नाही असे वाटत होते, त्या गल्लीला आपण आजारी आहोत हे ठाऊक होते! मोहल्ल्यात राहण्याचे पहिले सुख हेच. खबर ठेवली जाते. कधी ती नको तेवढी ठेवली जाते, हा त्याच सुखाचा काच. मंटोंनी दोन्ही पाहिले. त्यांच्यानंतर सिनेमाने या मोहल्ल्यातून दादा तेवढा उचलला आणि डॉक्टर घेऊन येणारा शेजारी मागे ठेवला.

'मोज़ेल' या कथेत अडवानी चेंबर्समधली एक ज्यू तरुणी दंगलीच्या काळात एका शीख मुलीला वाचवताना जीव गमावते. आजच्या वाचकाला ही रचलेली गोष्ट वाटेल. पण भायखळ्याला एकोणिसाव्या शतकातले मागेन डेव्हिड सिनेगॉग अजून उभे आहे, आणि त्याच्या आवारातल्या ससून घराण्याच्या नावाच्या शाळेत आता मोठ्या संख्येने मुस्लिम मुले शिकतात. एवढी सरमिसळ ज्या मोहल्ल्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला 'एकाच जमातीची वस्ती' म्हणून आपणच रंगवत राहिलो तर दोष कुणाला द्यावा?

कोकणी माणूस, उर्दू कादंबरी

आपल्या काळात सलाम बिन रज़्ज़ाक (१९४१–२०२४) यांनी मुंबईच्या साध्या माणसाच्या कथा उर्दूत लिहिल्या. ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते. मराठी साहित्य उर्दूत नेण्याचे कामही त्यांनी निष्ठेने केले. २००४ साली 'शिकस्ता बुतों के दरमियान' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या पिढीतील रहमान अब्बास यांची 'रोहज़िन' ही कादंबरी २०१६ साली आली, २०१८ साली तिला अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ती जर्मन-इंग्रजीतही गेली.

'रोहज़िन'कडे मराठी मुस्लिम वाचकांनी मुद्दाम पाहावे. तिचा नायक असरार कोकणातून मुंबईला येतो आणि जमातच्या खोलीत उतरतो. आपल्या कोकणी वाचकांना जमातची खोली काय हे सांगायला नको. गावच्या जमातने मुंबईत घेतलेली जागा, नोकरीसाठी आलेल्या पोरांच्या भिंतीला टेकवलेल्या ट्रंका, पाळीपाळीने झोपणे, गावाकडून आलेली सुकी मासळी आणि तांदूळ, रात्री गावच्या बोलीत चाललेल्या थट्टा. कादंबरीत असरार आणि हिना यांचे प्रेम आहे, शहराचे भटकणे आहे, २६ जुलै २००५चा प्रलय आहे. शेवट काय होणार हे लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्यामुळे शहरात फिरण्याचा, समुद्र पाहण्याचा, मित्रांच्या सोबतीचा प्रत्येक आनंद वाचताना अधिक हळवा होतो. मरण पुढे उभे असताना सुख लिहिणे कसे असते, याचा हा चांगला नमुना आहे. कादंबरीतले गूढ, दंतकथांचे भाग आम्हाला काही ठिकाणी जड वाटले. मूळ कथा स्वतःच्या पायावर चालत असताना त्यांची गरज नव्हती.

पण खरी खंत वेगळी आहे. ज्याची घरची बोली मराठीच्या कुशीतली, त्या कोकणी मुस्लिम तरुणाच्या मुंबईची एवढी मोठी कादंबरी उर्दूत झाली. हमीद दलवाईंनी 'इंधन'मध्ये (१९६५) कोकणातले गाव मराठीत आणले होते. त्या गावातून निघालेला माणूस डोंगरीला उतरला, त्याला सहा दशके होऊन गेली, तरी मराठीत तो अजून बोटीतून उतरलेला नाही!

पाहुण्याचा आनंद, रहिवाशाचा आनंद

कोणी म्हणेल, मोहल्ल्याच्या आनंदावर तर सध्या पुष्कळ लिहिले जाते. रमज़ान आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मोहम्मद अली रोडच्या रात्रीचे फोटो येतात. मिनारा मशिदीजवळचे मालपुवे, कबाब, फिरनी, नळी-निहारी यांची वर्णने येतात. ती खोटी नाहीत आणि लोक येतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण तो पाहुण्याचा आनंद आहे. पाहुण्याला मोहल्ला ताटात दिसतो. रहिवाशाला तो ओळखीत दिसतो.

रहिवाशाची सुखे बहुधा बिनपैशांची असतात, म्हणून ती पुरवणीत येत नाहीत. वाणी वहीत नुसते मांडून ठेवतो. इफ्तारच्या आधी पोरांच्या हातून झाकलेल्या थाळ्या वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर जातात आणि थाळी रिकामी परत करायची नाही हा अलिखित कायदा पाळला जातो. बडी रातीला पोरांना जागायची परवानगी असते. एका जिन्यावर कोकणी, मेमणी, कच्छी, दखनी आणि मराठी ऐकू येते आणि सात वर्षांचे पोर समोरचा माणूस पाहून भाषा बदलते. शुक्रवारी चोरबाजारात काही घ्यायचे नसले तरी जुने रेडिओ, घड्याळे, सिनेमाची पोस्टरे उलथीपालथी करत तासभर फिरता येते. फज्रनंतर चहाच्या हॉटेलात एकाच 'इन्क़िलाब'ची पाने चौघांत वाटली जातात. हा पेपर १९३८ पासून मुंबईत निघतो, आणि आधी शेवटचे पान कुणी घ्यायचे यावरचा वादही तेवढाच जुना असावा.

यातल्या काही गोष्टींना तर इतिहास आहे, आणि तो आपल्यालाच ठाऊक नाही. नागपाड्याचा बास्केटबॉल घ्या. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. १९३६ साली ज्या संस्थेची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, तिचे पहिले वर्गही याच घरात भरले. साऱ्या देशात समाजकार्याचे शिक्षण जिथून सुरू झाले ते घर आमच्या मोहल्ल्यातले. तिथल्या मैदानांवर बास्केटबॉल असा रुजला, की नागपाड्याने पुढे भारतीय संघाला खेळाडू दिले. संध्याकाळी मैदानाच्या कठड्याला टेकून सामना पाहणे हे इथले फुकटचे नाटकगृह आहे. त्यावर मराठीत एक कथा असू नये?

किंवा भेंडीबाजार घराणे. मुरादाबादकडून आलेले छज्जू खाँ, नज़ीर खाँ आणि ख़ादिम हुसैन खाँ हे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राहिले आणि मुंबईच्या एका वस्तीचे नाव हिंदुस्थानी संगीतात अजरामर झाले. अंजनीबाई मालपेकर या घराण्यात शिकल्या. अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनीही धडे घेतले. भेंडीबाजार म्हटले की हिणवणारे जे असतील, त्यांना हे सांगणारा ललितलेख आपल्यापैकी कुणी लिहायला हवा.

आनंद कुणाचा?

येथे एक सावधगिरी हवी. मोहल्ल्याचे कौतुक करताना त्याचे गोडवे गाणे सोपे असते. चहाचे हॉटेल, नाका, कठडा, मशिदीचा ओटा या सर्व जागा पुरुषांच्या आहेत. बाईचा मोहल्ला खिडकीत, जिन्यात, गच्चीवर, आणि ईदच्या आधी नळबाजारात असतो. बांगड्या भरताना, दुपट्टा रंगवायला देताना, दर्सहून परतताना रस्त्यात पाच मिनिटे थांबताना तिला जो मोकळेपणा मिळतो, तो तिच्याच लेखणीतून यायला हवा. तो कुठे संपतो तेही तिनेच सांगावे. आनंदाचे प्रामाणिक लेखन केले, की आनंदाची हद्द आपोआप दिसते, आणि अशी दिसलेली हद्द भाषणापेक्षा अधिक बोलते.

तसेच १९९२-९३ विसरून हे लिहिता येणार नाही. त्यानंतर कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली. काहींनी निवड केली, काहींना निवडच नव्हती. भीतीपोटी एकत्र आलेल्या माणसांनी तिथेही दहा-पंधरा वर्षांत खबर ठेवणारे, थाळी पाठवणारे मोहल्ले उभे केले. ही साधी गोष्ट नव्हे. पण मुंब्र्याचे नाव मराठी लेखनात कशासाठी येते ते वाचकांना ठाऊक आहे.

आता भेंडीबाजारच बदलतो आहे. २००९ पासून साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी नव्या उंच इमारती बांधण्याचा प्रकल्प चालू आहे. जुन्या खोल्यांसाठी गळे काढणाऱ्यांत आम्ही नाही. मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला नव्या घराचे मोल विचारावे. प्रश्न एवढाच, की थाळी जिन्याने जात होती. ती लिफ्टने जाईल का? जाईलही. पण जी रीत कुठे लिहिलीच नाही, ती मोडली तरी कळणार कशी? लेखकाचे काम इथे सुरू होते.

आमच्या उर्दू शाळांत मराठीच्या तासाला निबंध सांगितला, की मुले नदी, हिरवी शेते, झुळझुळ वारा आणि कौलारू घरांचे गाव लिहितात. त्यांनी ते पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. तिसऱ्या मजल्यावरून ओरडून पाव मागवणे, कबूतरे, पतंग, सहरीला उठवत फिरणारा माणूस हे मराठीत लिहिण्याजोगे आहे असे त्यांना वाटतच नाही, कारण मराठीत ते त्यांना कधी भेटलेले नाही. मुले भाषा शिकतात ती तिच्यात आपले काही सापडले तर. नाहीतर ती गुणांपुरती शिकतात आणि दहावीनंतर सोडून देतात.

म्हणून आमची आपल्या लेखकांना विनंती आहे. दुःख लिहाच, ते कमी झालेले नाही. पण काकडीवाला दाराशी आला तर त्याला परत पाठवू नका. आपल्या गल्लीत कोणाच्या वहीत कोणाचे किती मांडले आहे, गेल्या रमज़ानला कोणती थाळी कुठून कुठे गेली, एवढे जरी खऱ्या मराठीत उतरले तरी आपले साहित्य एका मजल्याने वर चढेल, आणि वाचणारा आपल्याकडे प्रश्न म्हणून न येता शेजारी म्हणून येईल.